रस्त्यावरचं मीठ

मिशिगनमधला माझा पहिलाच हिवाळा. ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडून घेतलेली नऊ वर्षं जुनी गाडी. मार्चमधल्या एका संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना सिग्नलला ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला टेकलं. हँडब्रेक ओढला, गाडी पांढरी रेघ ओलांडून चांगली दहा-बारा फूट पुढे जाऊन थांबली. समोरून कोणी आलं नाही म्हणून निभावलं.

मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि टॉर्च मारला. ब्रेकचं तेल नेणारी, पेन्सिलीपेक्षा बारीक अशी पोलादी नळी. नखाने खरवडली की तपकिरी पापुद्रे पडत होते आणि एका ठिकाणी आरपार भोक. वरून मात्र गाडी चकाचक! कारण विचारलं, तर त्याने एकच शब्द उच्चारला, मीठ.

रात्री बाबांना फोन केला. बाबांची सगळी नोकरी अलिबागला, खाऱ्या वाऱ्यात गेली. ते म्हणाले, "अरे, आपण पावसाळ्याआधी स्कूटरला खालून ऑइल मारून घ्यायचो की नाही? तिकडे मारत नाहीत का?" मला हसू आलं. एवढ्या पुढारलेल्या देशात ऑइल कसलं मारताय! पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि नंतर कित्येक वीकेंड मी रस्त्यावरच्या मिठाचा इतिहास वाचत बसलो.

तर मंडळी, पूर्वी इथले लोक रस्त्यावरचा बर्फ काढतच नसत. उलट जपत! एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यातली वाहतूक घसरगाड्यांवर चाले, म्हणून घोड्यांना मोठाले रूळ जुंपून बर्फ दाबून घट्ट करत. न्यू इंग्लंडमधल्या छपराच्या पुलांवर बर्फ पडायचा नाही, तर मुद्दाम माणसं लावून तिथे बर्फ पसरत. आता बोला!

मोटारी आल्या आणि गणित उलटलं. चाकाला बर्फ नको. आधी रेती आणि कोळशाची राख टाकून भागवलं. मग १९४१-४२ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरने रस्त्यांवर सरसकट मीठ टाकण्याचं धोरण घेतलं. असं करणारं ते पहिलं राज्य. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या सगळ्या हमरस्त्यांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. महायुद्ध संपलं, उपनगरं वाढली, १९५६ नंतर इंटरस्टेट रस्ते बांधले जाऊ लागले आणि 'डांबर दिसलंच पाहिजे' ही लोकांची अपेक्षा झाली. १९५५ च्या सुमारास वर्षाला १० लाख टन, आणि पुढच्या पंधरा वर्षांत जवळजवळ १ कोटी टन! आज हा आकडा साधारण २ कोटी टनांच्या घरात आहे. मीठ मिळतंही स्वस्त. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फूट खाली, १९१० मध्ये सुरू झालेली मिठाची खाण आहे.

मिठाने काय होतं? साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात वजनाने २३ टक्के मीठ असेल तर ते उणे २१ पर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर उणे १० च्या खाली मीठ फारसं काम करत नाही, पण बहुतेक दिवस भागतं. अपघात कमी होतात, ॲम्ब्युलन्स वेळेवर पोचते. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण तेच खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांच्यात मुळात एक छोटी बॅटरीच चालू असते. मिठामुळे तिच्यातून वीज सहज वाहते आणि क्लोराइड पत्र्यावरचा संरक्षक थर फोडतं. त्यात मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. गंमत म्हणजे गाडी बाहेर कडाक्यात गोठलेली असते तेव्हा गंज हळू चढतो. उबदार गॅरेजमध्ये आणून ठेवली की भराभर!

म्हणजे रस्ता साफ झाला सरकारी खर्चाने, आणि गंजाचं बिल आलं गाडीवाल्याच्या नावावर. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको. एका टीमने बग फिक्स केला, तो दुसऱ्या टीमच्या मॉड्यूलमध्ये जाऊन फुटला.

मग त्या दुसऱ्या टीमने काय केलं? १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट नावाच्या जर्मन मेकॅनिकने गाडीच्या पोकळ भागांत गंजरोधक फवारण्याचा धंदा सुरू केला. तोपर्यंत लोक खालून डांबरासारखा थर फासत. पण त्या थराला तडा गेला की पाणी आत अडकतं आणि गंज झाकलेलाच वाढतो. कंपन्याही चुकत होत्या. १९७० मध्ये आलेल्या शेव्हरोले व्हेगाची बॉडी गंजरोधक प्रायमरच्या टाकीत बुडवली जायची, पण पुढच्या मडगार्डच्या वरच्या भागात हवेचा बुडबुडा अडकायचा. नेमका तेवढा पत्रा कोरडा राहायचा आणि तिथूनच सडायचा. हजारो मडगार्ड कंपनीला फुकट बदलून द्यावे लागले.

खरं उत्तर दोन गोष्टींनी दिलं. एक, विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवणं. फोर्डने १९६० च्या दशकात याची सुरुवात केली आणि १९७६ पासून बॉडीला ऋण ध्रुव करून प्रायमर ओढून घेणारी सुधारित पद्धत मोटारींना वापरली जाऊ लागली. रंग फटीफटींत पोचू लागला. दुसरं, जस्ताचा मुलामा, म्हणजे आपल्या पत्र्याच्या बादलीचीच युक्ती. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पोर्शेने १९७५ मध्ये आणि ऑडीने १९८० च्या दशकात पूर्ण बॉडीला हे केलं, मग ते सगळीकडे पसरलं.

म्हणूनच माझ्या गाडीची बॉडी ठणठणीत होती. पण पोटाखालच्या नळ्या? २०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने ब्रेकच्या नळ्या गंजण्याची मोठी चौकशी संपवली, आणि गाड्या परत बोलावण्याचा आदेश न देता मालकांना सल्ला दिला, गाडी खालून धुवा आणि नळ्या तपासून घ्या. बिल पुन्हा आपल्याच नावावर!

आणि गाडीवरून धुतलेलं मीठ जातं कुठे? नदीत. आमच्याच राज्यातल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचं पाणी प्यायला घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी बंद केलं, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. माणसं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिली आणि शिशाच्या नळांतलं शिसं मुलांच्या अंगात गेलं. मुख्य अपराध पाण्यात गंजरोधक न घालण्याचा. पण त्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं आणि त्यात रस्त्यावरच्या मिठाचाही वाटा होता. हे वाचल्यावर मला माझी ब्रेकची नळी आठवली. माझी तर काही डॉलरमध्ये बदलून मिळाली.

मीठ बंद करा असं मी म्हणणार नाही, मलाही ऑफिसला जायचं असतं. पण आता बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारतात, त्यात मीठ कमी लागतं. हे वाढायला हवं.

असो. थंडीच्या देशात जुनी गाडी घेणार असाल तर रंग बघू नका, आधी गाडीखाली वाका. ब्रेकच्या नळ्या बघा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती मोकळी ठेवा. पारा शून्याच्या वर गेला की खालून धुऊन घ्या. आणि दर वर्षी हिवाळ्याआधी तेलाचा फवारा मारून घ्या, जळकं इंजिन ऑइल नव्हे, गंजरोधक म्हणून मिळणारं. शेजारच्या कॅनडात लोक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा मात्र दर नोव्हेंबरला फोनवर न चुकता विचारतात, "ऑइल मारलंस का रे?" आता मी हसत नाही.