कल्याणच्या यमुनेची परीक्षा

परदेशी शिकायला जायचं, तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यायची, हे ठाणे-डोंबिवलीतल्या पालकांना आता सांगावं लागत नाही. टोफेल १९६४ साली सुरू झाली, आयईएलटीएस १९८९ साली. त्याच्या कितीतरी आधी कल्याणच्या जोशींची यमुना, म्हणजे आनंदीबाई, अमेरिकेला गेल्या. त्यांचं इंग्रजी कुणी तपासलं असेल, असं मला नेहमी वाटायचं.

नवव्या वर्षी लग्न झालं. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी त्यांना हट्टानं, प्रसंगी मारूनही शिकवलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई भर सभेत इंग्रजीतून बोलल्या. आपण अमेरिकेला का जातो आहोत, हे त्यांनी सांगितलं. जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी अर्ज लिहिला. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी मला शिकायचंय, असा त्याचा आशय होता. तीच त्यांची परीक्षा! प्रवेश मिळाला, १८८६ साली पदवीही मिळाली. पुढच्याच वर्षी, बावीस पुरी होण्याआधी, क्षयानं त्या गेल्या.

आजच्या परीक्षांचे गुण दोन वर्षांनी बाद होतात. आनंदीबाईंचा अर्ज अजून वाचला जातो. मुलांनो, सराव जरूर करा. पण कशासाठी शिकायचं, तेही एकदा कागदावर लिहून पाहा.