इंजिनाची टकटक : मिस्त्रीच्या कानापासून सेन्सरपर्यंत

पेट्रोल इंजिनातली टकटक चढावर जास्त ऐकू येते. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप पेटते आणि धातूवर धातू आपटावा तसा आवाज येतो. पाताळगंगेकाठच्या आपटा गावाच्या परिसरातून निघणाऱ्या भरल्या गाडीची कसोटी पूर्वी खोपोलीपुढच्या बोरघाटात लागे.

यावर १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय काढला. टकटक थांबली, पण विषारी शिसे धुरातून हवेत गेले. त्याची फार मोठी किंमत जगाने मोजली. मुंबईत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आले, देशभर २००० मध्ये.

फियाट आणि पद्मिनीच्या काळात टकटक ओळखणे हे मिस्त्रीच्या कानाचे काम होते. तो डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवी, गाडी चढावर चालवून पाही, पुन्हा टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावी. हे कसब खरोखर मोलाचे होते. मात्र एकदा लावलेले टायमिंग पेट्रोल बदलले तरी तेच राही.

१९७८ च्या टर्बो ब्यूइक गाडीत टकटक ओळखण्याचे काम नॉक सेन्सरकडे आले. इंजिन ब्लॉकवर बसवलेला त्यातला स्फटिक कंपनाने दाबला की वीज निर्माण होते. या गुणधर्माचा शोध क्युरी बंधूंनी १८८० मध्ये लावला होता. इशारा मिळताच गाडीतला संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. फ्युएल इंजेक्शनबरोबर ही सोय भारतीय गाड्यांतही रुळली.

सेन्सर बिघडला तर गाडी सहसा बंद पडत नाही. इंजिन वाचवण्यासाठी संगणक टायमिंग मागेच ठेवतो. पिकअप आणि अॅव्हरेज घटते, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर बहुधा पी ०३२५ हा कोड दिसतो. तो सर्किटमधला दोष सांगतो, सेन्सरच गेला असे नव्हे. म्हणून आधी कनेक्टर पाहावा : कोकणातल्या पावसाळी दमटपणात पिना गंजतात, उंदीर वायर कुरतडतात. सेन्सर बदलायचाच असेल, तर बसण्याची जागा साफ करून बोल्ट कंपनीने दिलेल्या मापाने, अनेक गाड्यांत सुमारे २० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच आवळावा. सैल किंवा अति घट्ट बसलेला नवा सेन्सरही चुकीचा इशारा देतो.