सातबाऱ्यावरची लक्ष्मी

सून माप ओलांडून घरात येते, तेव्हा आपण तिला लक्ष्मी म्हणतो. पुढे आयुष्यभर ती खुरपते, वेचते. सातबाऱ्यावर नाव लागते ते बहुधा नवऱ्यामागे, वारस म्हणून. माझ्या आईचेही तसेच लागले.

ही रीत मोडण्याचा एक प्रयत्न शेतकऱ्यांच्याच चळवळीतून झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. शेतमालाच्या भावासाठी बायका आंदोलनात उतरल्याच होत्या. आता घरातल्या हिशेबाचा विषय निघाला. पुढे काही वर्षांनी 'लक्ष्मीमुक्ती' आली. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी स्वखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. मुक्ती कुणाची? तिच्या कष्टांच्या ऋणातून पुरुषाची!

१९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः हक्क मिळाला. बायकोला मात्र नवऱ्याच्या हयातीत स्वतःहून वाटणी मागता येत नाही. म्हणून तो स्वखुशीचा तुकडा मोलाचा.

त्याने काय होते? विकायला, गहाण टाकायला तिची सही लागते. सही कुठे करायची एवढेच दाखवणारे नवरेही आहेत म्हणा. पण माझ्या ओळखीच्या एका घरात विहिरीसाठी कर्ज काढायचे होते, तिच्या तुकड्यावर. ती म्हणाली, "मागचं किती फेडायचं राहिलंय, ते आधी सांगा."

लग्नाला २२ वर्षे झाली होती. तो आकडा तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.