सावरपाड्याची कविता आणि तिचे सर

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत १०,००० मीटर धावली. मैदानाच्या २५ फेऱ्या! कांस्यपदक मिळालं. दीड महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यही. अनवाणी धावणाऱ्या या आदिवासी मुलीला नाशकात घडवलं प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी. पुढे संजीवनी जाधवही त्यांच्याच हाताखाली तयार झाली. मुलगी जिंकली की सरांच्या कष्टाचं चीज होतं. पण पळायला शिकवणं सरांच्या हाती, मुलीला मैदानावर ठेवणं घरच्यांच्या. आमच्या गटातल्या एकीची लेक तालुक्यात पहिली आली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मांडवाला पैसे गटाच्या कर्जातूनच गेले. ठरावावर सह्या आमच्याच आहेत.