राजकन्येचे हक्कसोडपत्र : पॅलॅटिनेटच्या वारसाप्रश्नाचा विचार

जर्मन राजघराण्यांच्या विवाहसंबंधांत राजकन्या ही तहातील केवळ एक बाब होती, असे सामान्यतः म्हटले जाते. हे मत सर्वस्वी चूक नसले तरी अपुरे आहे. रोमन कायद्याचा प्रभाव वाढल्यावर कन्येचा पित्याच्या मालमत्तेवरील वारसा मान्य होण्याचा संभव निर्माण झाला, आणि म्हणूनच विवाहप्रसंगी तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रूढी या घराण्यांत दृढ झाली. जो हक्क मुळीच नाही, तो सोडल्याचा लेख कोणी करून घेत नाही. अर्थात हक्कसोडपत्र हाच कन्येच्या हक्काचा पुरावा होय. तथापि या हक्काचा विनियोग मात्र तिच्या हाती नव्हता. पॅलॅटिनेटच्या एलिझाबेथ शार्लोट (१६५२–१७२२) हिचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

तिचा पिता इलेक्टर कार्ल लुडविग यास १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने वडिलार्जित राज्याचा काही भाग परत मिळाला होता. तीस वर्षांच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या या प्रांतास बलाढ्य फ्रान्सच्या शेजाराचे भय होते. ते निवारण्यासाठी १६७१ साली त्याने आपली कन्या चौदाव्या लुईचा विधुर बंधू, ऑर्लिआंचा ड्यूक फिलिप यास दिली. मेट्झ येथे तिने प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला आणि तेथेच वर अनुपस्थित असताना प्रतिनिधीद्वारा विवाह लागला. विवाहाच्या करारात पॅलॅटिनेटच्या राज्यावरील तिच्या हक्काचा त्याग नमूद झाला. पंथ आणि वारसा या दोहोंची किंमत देऊन पित्याने सुरक्षितता विकत घेतली, असा त्याचा समज होता.

हा समज टिकला नाही. १६८५ साली तिचा भाऊ इलेक्टर कार्ल निपुत्रिक वारला व राज्य नॉयबुर्गच्या कॅथलिक शाखेतील फिलिप विल्हेल्म याच्याकडे गेले. त्यावर लुईने भावजयीच्या नावाने दावा मांडला. तिने सोडलेला हक्क राज्य व सरंजामी प्रदेश यांपुरताच असून कुलाच्या खाजगी मालमत्तेस तो त्याग लागू नाही, असा फ्रेंच पक्षाचा युक्तिवाद होता; आणि या खाजगी मालमत्तेत सिमर्नसारखे प्रदेशही गणले गेले. दुसऱ्या बाजूसही विवाहसंबंधाचेच बळ होते. फिलिप विल्हेल्मची कन्या एलिओनोरे हिचा विवाह १६७६ साली सम्राट लिओपोल्डशी झाला होता. एका कन्येच्या नावाने आक्रमण, तर दुसरीच्या नात्याने संरक्षण, असा हा पेच होता.

१६८८ साली फ्रेंच सैन्याने ऱ्हाइनच्या प्रदेशात आक्रमण केले. कोलोनच्या आर्चबिशपपदाचा तंटा हेही या युद्धाचे एक कारण होते. पॅलॅटिनेटचा दावा हे त्याचे एकमेव कारण मानणे योग्य होणार नाही. परंतु विध्वंस झाला तो मुख्यतः तिच्या माहेरचा. १६८९ साली मानहाइम जमीनदोस्त झाले, हायडलबर्गच्या किल्ल्याचे बुरूज सुरुंगांनी उडवले गेले, श्पायर व वर्म्स जाळण्यात आली. १६९३ साली हायडलबर्गवर पुन्हा तोच प्रसंग आला. आपले नाव मातृभूमीच्या नाशाचे निमित्त ठरले, याचे असह्य दुःख तिने हॅनोव्हरची आत्या सोफी हिला लिहिलेल्या पत्रांत व्यक्त केले आहे. तिच्या मालमत्तेचा कारभार पतीकडे आणि धोरण राजाकडे. तिच्याकडे राहिली ती लेखणी.

१६९७ च्या रिस्विकच्या तहाने हा दावा लवादाकडे सोपवला गेला, व १७०२ साली पोपच्या निवाड्यान्वये रोख रक्कम देऊन तो मिटला.

सारांश, राजकन्येला हक्क नव्हता म्हणून ती दुर्बळ होती, असे म्हणता येत नाही. तिला हक्क होता, आणि तो इतरांना उपयोगी पडण्याजोगा होता. तिची शोकांतिका नेमकी यातच आहे. म्हणून विवाहाचे करार वाचताना अभ्यासकाने आंदणाच्या रकमेइतकेच हक्कत्यागाच्या कलमाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.