डीडी५१ची वाट चुकली नव्हती

जपानच्या डीडी५१ इंजिनांबद्दल एक मत नेहमी वाचायला मिळते. जग डिझेल-विद्युत इंजिनांकडे वळत असताना जपानी राष्ट्रीय रेल्वेने हायड्रॉलिक पद्धतीचा हट्ट धरला आणि ती आडवाटेला लागली, असे ते मत. पुरावे दोन दिले जातात: ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न रीजन विभागाची हायड्रॉलिक इंजिने १९७७पर्यंत मोडीत निघाली, आणि जपानचाच हायड्रॉलिक डीडी५४ वर्ग फसला.

डिझेल-विद्युत इंजिन जपानने आधीच करून पाहिले होते, हे हा पूर्वपक्ष विसरतो. १९५७पासून धावलेला डीएफ५० वर्ग त्याच जातीचा. डिझेलवर जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर मोटारी चालवायच्या, म्हणजे तांब्या-लोखंडाचे मोठे ओझे आले. जपानच्या १०६७ मिलिमीटर गेजच्या दुय्यम मार्गांना मात्र एका आसावर १४-१५ टनांपलीकडे भार सोसत नव्हता. म्हणून सुमारे ८४ टनांच्या, सहा आसांच्या डीएफ५०ला १०६० ते १२०० अश्वशक्तीवरच थांबावे लागले. १९६२चा डीडी५१ही ८४ टनांचाच आणि सहा आसांचाच; पण जनित्राऐवजी तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर असल्याने त्यात हजार-हजार अश्वशक्तीची दोन इंजिने मावली. पुढे ती अकराशेची झाली. तेवढ्याच वजनात जवळजवळ दुप्पट ताकद! याला हट्ट कसे म्हणायचे? आपल्याकडे त्याच वर्षी आलेले डब्ल्यूडीएम-२ हे २६०० अश्वशक्तीचे डिझेल-विद्युत इंजिन सुमारे ११३ टनांचे, म्हणजे दर आसाला जवळपास १९ टन. आपल्या ब्रॉडगेजला ते पेलले. जपानच्या सान-इनसारख्या दुय्यम मार्गाला पेलले नसते.

डीडी५४चा दाखला तर उलटाच लागू पडतो. त्यात जर्मन परवान्यावर बांधलेले एकच मोठे, नाजूक इंजिन होते आणि प्रेषणयंत्रणाही तशीच गुंतागुंतीची. १९६८मध्ये धावत्या गाडीखाली त्याचा प्रेषणदंड तुटून रुळांत रुतला. असली इंजिने जेमतेम ४० बनली. डीडी५१ मात्र ६४९ बनली, आणि त्यांच्या इंजिनाचेच कुटुंब डीई१० वर्गाच्या ७०८ इंजिनांमध्येही होते. कारागिरांचा हात त्यावर बसला, सुटे भाग कमी पडले नाहीत. ब्रिटनमध्ये अनेक छोटे-छोटे वर्ग होते, प्रत्येकाची यंत्रणा निराळी. तिथे हरला तो हा पसारा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऊर्जा वाया जाते, हे खरेच आहे. पण हलक्या मोटारी आणि इन्व्हर्टर वापरणारा डीएफ२०० हा डिझेल-विद्युत वर्ग उभा राहिला तो १९९२मध्ये. तीस वर्षांनंतरच्या तंत्राने १९६२चा निर्णय मोजणे अन्यायाचे आहे. शिवाय १९७५च्या डिसेंबरात जपानच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने निवृत्त झाली, त्यातला मोठा वाटा डीडी५१चा होता.

मार्च २०११च्या भूकंपानंतर ईशान्य जपानमधल्या कोरियामा शहराला इंधन पोहोचवायचा नेहमीचा मार्ग बंद पडला. तेव्हा योकोहामाच्या नेगिशीहून निघालेल्या टँकरगाड्या निइगाताला वळसा घालून, डोंगरातल्या बान-एत्सु पश्चिम मार्गाने नेल्या. तिथल्या विजेची तार नसलेल्या चढांवर त्या ओढायला देशभरातून गोळा करून आणली ती डीडी५१ इंजिने, जोडी-जोडीने.