वाट दाखविणारी मोटार

प्रवासाला निघालेल्या मनुष्यापुढें नेहमीं दोन प्रश्न उभे असतात. आपण कोठें आहोंत, हा पहिला. आणि येथून पुढें कोणत्या वाटेनें जावयाचें, हा दुसरा. वर्धा जिल्ह्यांत आर्वी तालुक्यांतील रोहणा या गांवीं प्रथमच जाणारा परस्थ पूर्वीं हे दोन्ही प्रश्न वाटेंतील शेतकऱ्याला विचारीत असे. आतां मोटारींतील यंत्र त्यांचीं उत्तरें देतें. हें सामर्थ्य यंत्राला एका दिवसांत लाभलें नाहीं. त्यामागें सुमारें ऐंशी वर्षांची खटपट आहे.

अमेरिकेंत १९०९ सालीं जोन्स नांवाच्या संशोधकाचें एक यंत्र विक्रीस आलें. मोटारीच्या चाकाशीं जोडलेली एक चकती गाडीबरोबर हळूहळू फिरे आणि तिच्यावर छापलेलीं वळणें व खुणा क्रमाक्रमानें पुढें येत. १९३० च्या सुमारास इटलींत ‘इटर आव्टो’ हें यंत्र निघालें. त्यांत चकतीऐवजीं कागदाची गुंडाळी असे. दोहोंचा दोष एकच. किती अंतर तोडलें एवढेंच त्यांना कळे. गाडी एकदां भलत्या फांट्याला लागली, कीं यंत्र मात्र सोडून आलेल्या रस्त्याचेंच वर्णन करीत राही!

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकन सरकारच्या रस्तेविभागानें निराळा मार्ग चोखाळला. मोटार हांकणाऱ्यानें आपल्या मुक्कामाचा संकेत यंत्रांत भरावयाचा, आणि चौरस्त्याखालीं पुरलेल्या तारांच्या साह्यानें कोणीकडे वळावयाचें तें त्याला कळावयाचें, अशी ती योजना होती. कल्पना उत्तम होती. परंतु प्रत्येक चौरस्ता खणून तेथें यंत्रसामग्री बसविणें कोणत्या खजिन्याला परवडणार? १९७० सालीं ती योजना सोडून देण्यांत आली. जें शहाणपण रस्त्यांत पुरतां येत नाहीं तें गाडींतच ठेविलें पाहिजे, हा धडा त्यांतून मिळाला.

जपानमधील होंडा कंपनीनें १९८१ सालीं तो प्रयत्न केला. तिच्या यंत्रांत हेलियम वायूच्या झोतावर चालणारा दिशामापक होता. गाडीचें अंतर व दिशा यांवरून तो हिशेब करी आणि पारदर्शक नकाशामागें एक प्रकाशबिंदु सरकत जाई. मात्र येथेंही एक अडचण होती. हिशेबाच्या पहिल्या ओळींतील चूक जशी शेवटच्या बेरजेपर्यंत जाते, तशी दिशेंतील अल्पशी चूक मैलागणिक वाढत जाई.

यावर १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील ‘ईटॅक’ कंपनीनें तोड काढली. तिनें रस्त्यांचा नकाशा अंकांच्या रूपानें कॅसेटच्या फितीवर सांठविला. मोटार सहसा रस्ता सोडून चालत नाहीं, हें तिचें साधें सूत्र होतें. गाडी वळली, कीं यंत्र त्या वळणाचा मेळ नकाशांतील वळणाशीं घाली आणि सांचलेली चूक दुरुस्त करी. श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें तें हेंच, कीं येथें नकाशा हें केवळ चित्र उरलें नाहीं. तो यंत्राचा परीक्षक झाला.

पुढें उपग्रह आले. १९९० सालीं जपानच्या माझदा कंपनीच्या एका मोटारींत उपग्रहांवरून स्थान ओळखणारें यंत्र बसविण्यांत आलें. २ मे २००० रोजीं अमेरिकेनें सामान्य जनांसाठीं मुद्दाम ठेविलेली अचूकतेची उणीव काढून टाकली. आणि १ जुलै २०१३ रोजीं पहिला उपग्रह सोडून भारतानें ‘नाविक’ या स्वतःच्या मालिकेस प्रारंभ केला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर अशा रीतीनें आकाशांतून मिळालें. दुसऱ्याचें मात्र तेथून मिळत नाहीं. उपग्रहांवरून अक्षांश व रेखांश कळतात. तेथें रस्ता आहे कीं नाला, हें नकाशाच सांगतो.

या नकाशाच्या इतिहासांत वर्धा जिल्ह्यालाही स्थान आहे. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रास येथें पायारेषा मोजून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हिंदुस्थानच्या महान् मोजणीस आरंभ केला. नागपूरच्या वाटेवर असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेंच आहे. पुढचें काम जॉर्ज एव्हरेस्ट यानें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें. एव्हरेस्टनें धरलेला पृथ्वीचा आकार आणि आजच्या उपग्रहमापनाचा आकार यांत थोडा फरक आहे. म्हणून जुना नकाशा उपग्रहाशीं जुळवितांना गणितानें तो फरक काढावा लागतो.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारत सरकारनें नकाशे तयार करण्यावरील पुष्कळ निर्बंध उठविले. तरी नियम सैल झाल्यानें नकाशा आपोआप पुरा होत नाहीं. ज्या पांदणीची नकाशांत नोंद नाहीं, त्या पांदणीवरील घर यंत्राच्या दृष्टीनें शेतांतच उभें असतें. रात्रीं रुग्णाला न्यावयास आलेल्या परक्या गाडीवानाला त्या नोंदीची किंमत कळते. लॅम्बटनचे त्रिकोण आणि आकाशांतील उपग्रह त्याला गांवापर्यंत पोंचवितील. दारापर्यंतची वाट, ती जाणणाऱ्या गांवकऱ्यानेंच नकाशांत भरावयाची आहे.